आपला हात आणि मिस्त्रींची मजुरी

आमच्या सिल्वासाला एकाच गोष्टीचा दोन भाषांत विचार करण्याची सवय आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्याच्या दारात हिंदी आणि खानवेलकडून येणाऱ्या मंडळींच्या तोंडी वारली, असा इथला रोजचा व्यवहार. त्यामुळे एखाद्या प्रश्नावर आपली म्हण एक सांगते आणि शेजाऱ्याची म्हण नेमके तिच्या उलट सांगते, असा अनुभव वारंवार येतो. ‘आपला हात जगन्नाथ’ असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि कुंपणापलीकडून उत्तर येते, ‘जेनुं काम तेनुं थाय, बीजा करे सो गोता खाय.’ ज्याचे काम त्यानेच करावे, दुसरा करू जाईल तर गटांगळ्या खाईल. ही दुसरी म्हण आता आपल्याही बोलण्यात इतकी मुरली आहे की ती मूळची आपली नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या दोन म्हणींचे भांडण आमच्या घरात गेली अनेक वर्षे चालू आहे आणि ते मुख्यतः मोटारीच्या क्लचवरून चालू आहे. विषय बायकांच्या पानावर शोभणारा नाही असे कोणास वाटेल; परंतु घराचा हिशेब लिहिणे माझ्याकडे असल्यामुळे या भांडणाचा जमाखर्च माझ्याच वहीत उतरला आहे. म्हणून तो मांडण्याचा अधिकारही मी माझ्याकडे घेत आहे.

क्लचच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, मोटारीची काही कामे कोणीही सुबुद्ध माणूस घरी करू शकतो. पंक्चर झालेले चाक बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, हवेचा फिल्टर झटकणे, पंख्याचा पट्टा चढविणे ही त्यांतली. याउलट काही कामे घरी करण्याचे कोणी मनातही आणीत नाही. इंजिनाचे सिलिंडर घासून घेणे हे त्यांतले. क्लच मात्र या दोहोंच्या बरोबर उंबरठ्यावर बसलेला आहे. त्याला फार मोठी यंत्रे लागत नाहीत, सुटे भाग बाजारात सहज मिळतात, आणि थोडीफार हातची कला असलेल्या माणसाला ‘हे आपल्याला जमेल’ असा मोह पडतो. मोह पडावा आणि तो सर्वस्वी खोटाही नसावा, अशी ही अवघड जागा आहे.

क्लच म्हणजे काय, हे मला आमच्या यजमानांनी स्वयंपाकघरातच समजावून दिले होते. दोन ताटल्यांच्या मध्ये एक पोळी घट्ट दाबून धरावी, तशी इंजिनाला जोडलेले जड फ्लायव्हील आणि त्यावर बसविलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबलेली असते. इंजिन फिरले की तिन्ही एकजीव होऊन फिरतात आणि ती शक्ती गिअरबॉक्समार्फत चाकांपर्यंत जाते. आपण डाव्या पायाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची पकड सुटते, मधली पोळी मोकळी होते आणि इंजिन फिरत असूनही चाकांचा त्याच्याशी संबंध राहत नाही. पाय उचलला की पकड पुन्हा बसते. सारे काम घर्षणाचे. मोटारीच्या आरंभीच्या काळात या कामासाठी चामडे लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. पुढे चपटी चकती आली आणि तिच्यावर घर्षण सोसणारे अस्तर आले. अस्तर झिजावे म्हणूनच केलेले असते. ते झिजणे हा दोष नव्हे. किती लवकर झिजते, हा चालविणाऱ्याच्या पायाचा गुण.

आमच्या भागात ते लवकर झिजते. दादरा व नगर हवेलीत रेल्वे नाही. मुंबईस जावयाचे असो की बडोद्यास, आधी वापी स्टेशन गाठावयाचे. सिल्वासाच्या आसपास आमळी, मसाट, पिपरिया या बाजूंना कारखाने झाल्यापासून वापीच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते आणि त्या रांगेत लहान मोटारी पाऊल पाऊल पुढे सरकतात. पाय पेडलवर अर्धवट ठेवून गाडी ढकलीत नेण्याची ही जी रीत, तिला ‘हाफ क्लच’ म्हणतात. तिच्यात चकती ना धड धरलेली, ना धड सोडलेली. ती घासतच राहते, तापते, आणि एखाद्या दिवशी करपल्याचा वास येऊ लागतो. मग इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. खानवेलच्या पुढे दुधनीकडे जाणाऱ्या चढावर हे प्रथम लक्षात येते.

माझे सासरे शिक्षक होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या सत्तेतून मुक्त झाले, त्यानंतरच्या वर्षांत ते इथे आले व इथलेच झाले. आमचे यजमान सूत टेक्स्चराइझ करणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात होते. यंत्र उघडावे, चुकलेले शोधावे, पुन्हा मिटावे, हा त्यांचा रोजचा धंदा. तेव्हा १९९६ साली आमच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या प्रीमियर पद्मिनीचा क्लच घसरू लागला, त्या वेळी त्यांनी तो गॅरेजात न नेता अंगणात उघडण्याचे ठरविले, यात नवल काहीच नव्हते.

पद्मिनी ही गाडीही तशीच होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती होत असे. मूळची ही फियाटची ११००. १९६४ पासून इथे तयार होऊ लागलेली आणि १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी हे नाव घेतलेली. तिचे उत्पादन २००१ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. त्या गाडीचे बॉनेट उघडले की आत जागा दिसे. प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कुठे गेली हे नजरेने कळे. इंजिन पुढे, चाके मागची फिरणारी, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट. क्लच बदलावयाचा तर हा शाफ्ट सोडावा, गिअरबॉक्सच्या मागचा आधार काढावा, चारी बाजूंचे बोल्ट सोडून गिअरबॉक्स मागे ओढून खाली उतरवावा, की क्लच समोर. सांगावयास दोन ओळी. करावयास अडीच दिवस लागले.

दिवाळीची सुट्टी होती. नाशिकहून माझे धाकटे दीर आले होते. त्यांचे मत पहिल्यापासून विरुद्ध. “दादा, साडेतीनशे रुपये मजुरी मागतो आहे मिस्त्री. देऊन मोकळा हो. सणाच्या दिवसांत गाडीखाली निजून काय मिळवणार आहेस?” यजमान म्हणाले, “साडेतीनशे वाचतील, आणि गाडी कळेल.” दीर हसले, पण बाह्या सारून मदतीला बसले. मोठ्या भावाला एकटे गाडीखाली जाऊ देणे त्यांना शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे घडले ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते आणि अंगणातली माती वरून वाळलेली दिसली तरी आतून ओली होती. दीर पाणी पिण्यास उठले होते, यजमान पाना घेण्यास बाजूला सरकले होते. तेवढ्यात जॅकचा तळ मातीत रुतला, जॅक कलला आणि गाडी करकरत खाली बसली. चार बोटेच खाली आली. कारण यजमानांनी आरंभीच दोन्ही बाजूंना लाकडी स्लीपरांचे तुकडे रचून ठेवले होते आणि सुटे चाक आडवे घालून ठेवले होते. एकाच आधारावर तोललेल्या वजनाखाली जाऊ नये, हा कारखान्यातला नियम त्यांनी अंगणातही पाळला होता. कोणाला ओरखडाही उठला नाही. परंतु ते स्लीपर तिथे नसते आणि क्षण दुसरा असता तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. दीर पाण्याचा तांब्या हातात घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे होते. सासूबाई ओटीवरून सर्व पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन देवापुढे दिवा लावून आल्या.

काम पुढे नीट झाले. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग या तिन्ही वस्तू एकदमच बदलल्या. कारण त्यांपैकी एक बदलावयाची असली तरी सर्व गाडी तितकीच उघडावी लागते. नवी चकती बरोबर मध्यभागी बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरतच नाही. त्यासाठी कारखान्यातल्या सुताराकडून मापाचा एक लाकडी दांडा आधीच घडवून आणला होता. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळीत जावयाचे, हेही मी त्या दिवशी पाहिले. चौथ्या दिवशी भाऊबीज होती. त्याच गाडीतून आम्ही सर्व दमणगंगेच्या काठी फिरून आलो, आणि गाडीने एकदाही हिसका दिला नाही.

त्या रात्री मी हिशेब लिहिला. सुट्या भागांचे पैसे मिस्त्रींकडे गेलो असतो तरी पडलेच असते. म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखे धरले. वाचलेली मजुरी, रुपये ३५०. खर्च: गोटी पान्यांचा संच, रुपये २४०, स्लीपरचे तुकडे, रुपये ६०, रॉकेल व चिंध्या, रुपये २०. शिल्लक, रुपये ३०. दोन कर्त्या पुरुषांचे अडीच दिवस आणि सासूबाईंच्या जिवाची झालेली घालमेल यांना वहीत रकाना नव्हता.

मी वही पुढे केली, तेव्हा यजमानांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “ही मजुरीची बचत म्हणून लिहू नकोस. शिकण्याची फी म्हणून लिही.” मी तसे लिहिले. हे त्यांचे म्हणणे किती खरे होते, ते कळण्यास तेरा वर्षे जावी लागली.

२००९ साली आमच्याकडे मारुती ८०० होती. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत आपल्यासारख्या किती घरांना तिने चार चाके दिली! ही गाडी लहान, पण उघडण्यास पद्मिनीपेक्षा अडचणीची. इंजिन आडवे, चाके पुढची फिरणारी. गिअरबॉक्स काढावयाचा तर दोन्ही पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट ओढून काढावे लागतात, गिअरबॉक्सचा आधार सुटला की इंजिन एका बाजूने लोंबकळू नये म्हणून त्याला वरून टांगून किंवा खालून टेकू देऊन धरावे लागते. आणि ज्या जागेत हात घालावयाचा, तिथे हात जेमतेम मावतो.

त्या वर्षी सासूबाईंना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी वापीस न्यावे लागे. गाडी ही तेव्हा चैन राहिलेली नव्हती. एका शुक्रवारी परत येताना क्लच घसरू लागला. हॅन्डब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, पेडल हळूहळू सोडून पाहिले. इंजिन बंद पडावयास हवे होते, ते चालूच राहिले. म्हणजे पकड गेली होती. केबल घट्ट झाल्यामुळेही असे होते, म्हणून पेडलची सैल चाल तपासली. ती ठीक होती. आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि हाताशी मंगळवारपर्यंतचे दिवस होते.

यजमानांचे वय तेव्हा चोपन्न. पाने होते, स्लीपर होते, अंगणात आता फरशी होती. ते म्हणाले, “शनिवार-रविवार पुरेल मला.” मी काही बोलण्याआधी सासूबाईच बोलल्या. आवाज क्षीण झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. “अरे, आपला हात जगन्नाथ, हे खरे. पण जगन्नाथाचा रथ ओढायला हजार हात लागतात.” यजमानांनी पान्यांची पेटी पलंगाखाली परत सरकविली आणि मिस्त्रींना निरोप पाठविला.

मिस्त्रींनी मजुरी सांगितली अकराशे रुपये. शनिवारी गाडी नेली. दुपारी यजमान जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिले. गिअरबॉक्स खाली आल्यावर मिस्त्री म्हणाले की, इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील पाझरते आहे, तेही आताच बदलावे. एरवी असे ऐकले की आपल्या मनात पहिली शंका येते, ती आपल्याला लुबाडण्याची. यजमानांनी वाकून पाहिले, फ्लायव्हीलवर बोट फिरविले, तेलाचा ओघळ कुठून आला ते त्यांना दिसले, आणि ते ‘बदला’ म्हणाले. ते सील तसेच ठेवले असते तर नव्या चकतीवर तेल चढून ती महिन्याभरात वाया गेली असती. हे कळण्याची विद्या १९९६ च्या त्या अंगणातली. मी जी फी वहीत लिहिली होती, तिची परतफेड ही अशी झाली. मिस्त्रींवर विश्वास ठेवावयासही थोडे ज्ञान लागते. ज्याला काहीच कळत नाही, तो एक तर प्रत्येकावर संशय घेतो, नाही तर प्रत्येकाच्या स्वाधीन होतो.

रविवारी संध्याकाळी गाडी दारात आली. मंगळवारी वापी, शुक्रवारी वापी. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी फरशीवर तेलाचे चार थेंब दिसले. यजमान खाली वाकून पाहतात तो शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथून तेल ठिबकत होते. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पाहिले आणि क्षणभरही आडवेतिडवे न बोलता मला म्हणाले, “बेन, ए मारी भूल छे. एना पैसा न लेवाय.” शाफ्ट बसविताना सीलची कड दुखावली होती. त्यांनी गाडी नेली. मंगळवारपर्यंत ती झाली नाही, तर स्वतःच्या गॅरेजची जुनी ओम्नी घेऊन सकाळी सात वाजता ते आमच्या दारात उभे. सासूबाईंना वापीस नेले आणि आणले त्यांनीच. सीलचे पैसेही घेतले नाहीत.

त्या दिवशी मला उमगले की, अकराशे रुपयांत आम्ही काय विकत घेतले होते. बोल्ट सोडणे आणि आवळणे हे तर यजमानांनाही येत होते. आम्ही घेतली होती ती जबाबदारी. काम बिघडले तर ते पुन्हा उघडण्याची, त्याचा वेळ आपला मानण्याची आणि त्यामुळे दुसऱ्याचे अडू न देण्याची जबाबदारी. हेच सील यजमानांच्या हातून दुखावले असते, तर सोमवारी ते फरशीवर पाठ टेकून गाडीखाली असते आणि मंगळवारी सासूबाईंसाठी आम्ही रिक्षा शोधीत असतो. मजुरीवरून घासाघीस करताना हे कोणी लक्षात घेत नाही. आपण हातांच्या हालचालींचे पैसे मोजतो आणि म्हणतो, ‘एवढ्याशा कामाला इतके?’ परंतु जो जबाबदारी उचलीत नाही त्या कारागिराला शंभर रुपयेही जास्त झाले, आणि जो उचलतो त्याला अकराशे कमीच.

हे सर्व आता आठवण्याचे कारण माझा पुतण्या. तो पुण्याला नोकरीस आहे. जुनी मोटार घेतली आहे, साध्या क्लचची. क्लच घसरू लागला. गॅरेजने सांगितलेला मजुरीचा आकडा ऐकून त्याने रात्री मला दूरध्वनी केला. “काकू, मी सगळे व्हिडिओ पाहिलेत. काकांना विचार, मी स्वतः करू का?” त्याच्या वडिलांनी, म्हणजे त्याच माझ्या दिरांनी, अर्थातच ‘नको’ म्हटले होते. पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे राहिलेला माणूस दुसरे काय म्हणणार?

यजमानांनी त्याला होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. चार प्रश्न विचारले. पहिला, जमीन कशी आहे? सपाट आणि पक्की हवी. जॅक केवळ उचलण्यापुरता, गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर, चाकांना अडसर आणि बॅटरीची तार सोडलेली. दुसरा, जोडीला कोण आहे? गिअरबॉक्स एकट्याने छातीवर पेलू नये. शिवाय तो अर्धवट लोंबकळत राहिला तर त्याच्या भाराने नव्या चकतीचा मध्यभाग वाकतो आणि केलेले काम फुकट जाते. तिसरा, वेळ किती आहे? गॅरेजला एक दिवस लागत असेल तर नवख्याने तीन धरावेत, आणि एखादा बोल्ट गंजून अडला तर चौथा. चौथा प्रश्न महत्त्वाचा. ही गाडी आठवडाभर उभी राहिली तर कोणाचे अडते?

त्याशिवाय एक ताकीद दिली. आतली काळी धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नकोस. ओल्या फडक्याने पुसून घे. पूर्वीच्या क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. नवी अस्तरे त्यावाचून होतात खरी, पण जुन्या गाडीत पूर्वी कोणी काय बसविले असेल याचा भरवसा कोणी द्यावा? आणि गाडीच्या मॉडेलची पुस्तिका आधी वाच. काही नव्या गाड्यांत गिअर आपोआप पडतात, क्लचही यंत्रच दाबते. तिथे काम झाल्यावर यंत्राला पुन्हा शिकवावे लागते आणि ती साधने घरी नसतात. विजेच्या गाडीत तर बहुधा क्लचच नसतो. म्हणजे हा आपला वाद आणखी काही वर्षांनी आपोआप मिटेल!

पुतण्याने उत्तरे दिली. तो कामावर दुचाकीने जातो. गाडी शनिवार-रविवारच्या हौसेची. घरी आजारी कोणी नाही. पुण्यात वाहनतळावर असले काम करू देत नाहीत. पण सिल्वासाला काकांच्या अंगणात फरशी आहे, आणि सोबतीला येण्यास एक मित्र तयार आहे. मग यजमान म्हणाले, “तर ये मे महिन्यात. मी खुर्ची टाकून बसेन. हात तुझे.” घसरणारा क्लच घेऊन घाट उतरू नये, म्हणून गाडी तेवढी मालमोटारीवर घालून आणावयाची ठरली. तिच्या भाड्यात मजुरीची बचत जवळजवळ सगळीच जाईल. ते मी त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, “काकू, मग फी म्हणून लिही.”

अशा रीतीने एकाच घरात एकाच कामाचा निर्णय २००९ साली एक झाला आणि आता दुसरा झाला, आणि माझ्या मते दोन्ही योग्य. दोन म्हणींपैकी खोटी कोणतीच नाही. प्रत्येकीची वेळ वेगळी. ज्या गाडीवर उद्या कोणा दुसऱ्याचे काही अवलंबून आहे, ती मिस्त्रींकडे न्यावी, जवळ उभे राहावे, काढलेले जुने भाग पाहण्यास मागावेत, आणि ठरलेली मजुरी कुरकुर न करता द्यावी. जिच्यावर केवळ आपलीच हौस अवलंबून आहे, ती खुशाल अंगणात उघडावी, पण पैसे वाचविण्याच्या आशेने नव्हे. वाचतात ते तीस रुपये.

सासूबाई २०११ साली गेल्या. मिस्त्री तेराव्याला येऊन गेले. परवा जुन्या वह्या चाळीत असताना २००९ चे ते पान समोर आले. अकराशे रुपयांची नोंद मी कोणत्या सदरात केली होती ते माझ्याही लक्षात राहिले नव्हते. ‘वाहनखर्च’ हे सदर वर होते, तिथे ती नव्हती. ती खाली होती, ‘आईंचे औषधपाणी’ या सदरात.